भाडं हप्ता ओढेल का?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. कर्ज काढून घर घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि भाड्यातून हप्ते फेडायचे, हा तुझा बेत मला पटला. मात्र घरं बघत फिरायच्या आधी एक हिशेब कर, कारण एकदा घर मनात भरलं की आकडे आपल्या सोयीने वाकायला लागतात.

घराची किंमत १०० धर आणि वर्षाचं भाडं ६. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहिलं, की साडेपाच उरले. मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती, रंग, दलाली यांत दीड गेलं. हातात राहिले ४. आता बँकेने ७५ कर्ज दिलं, दर ८ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षाचे हप्ते होतात साडेसात. वरचे साडेतीन तुझ्या पगारातून जाणार, तेही दरवर्षी. या भाड्यावर हे घर जेमतेम ४० कर्ज पेलतं. बँक ७५ द्यायला तयार आहे याचा अर्थ घराला ते झेपतं असा नाही. बँक तुझा पगार बघून कर्ज देते.

याच कर्जात २० वर्षांत मुद्दलाच्या जवळपास दुप्पट रक्कम भरावी लागते. पहिल्या हप्त्यातला सुमारे ८० टक्के भाग नुसतं व्याज असतो. म्हणून चार-पाच वर्षांत घर विकायचा विचार असेल, तर तोवर मुद्दल फारसं उतरलेलं नसेल, हे आत्ताच ओळख.

दर बदलता असेल तर माझी खरी काळजी तिथे आहे. सुरुवातीलाच ८ चे १० टक्के झाले आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर २० वर्षांचं कर्ज फिटायला ५० वर्षांहून जास्त लागतील, कारण जवळजवळ सगळा हप्ता व्याजातच जाईल. मुदत तीच ठेवायची तर हप्ता साधारण १५ टक्क्यांनी चढेल. सही करण्याआधी वाढीव दराने हप्ता काढून बघ. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आहे का, तेही लेखी विचार.

भाव वाढतीलच या भरवशावर तुटीचा सौदा करू नकोस. तुझे २५ आणि बँकेचे ७५ असताना किंमत १० टक्के उतरली, तर तुझ्या पैशातले ४० टक्के गेले. बँकेचं येणं तसूभरही कमी होत नाही. वाढ झाली तर फायदाही असाच पटींत होतो, म्हणून तर माणसं भुलतात.

भाड्याचा आकडा जाहिरातीतून घेऊ नकोस. तिथे मालकाने मागितलेलं भाडं असतं. त्याच इमारतीतले भाडेकरू प्रत्यक्षात किती देतात ते विचार. आणि वेळेवर पैसे देणारा, घर जपणारा भाडेकरू मिळाला तर थोडं भाडं सोडून त्याला टिकव. महिनाभर रिकामं घर म्हणजे वर्षाच्या भाड्यातले ८ टक्क्यांहून जास्त बुडाले. पाच टक्के सवलत त्यापेक्षा स्वस्त पडते. करार मात्र लेखीच हवा, ओळखीचा माणूस असला तरी. अनामत रक्कम ही कमाई नव्हे. ती परत करायची आहे, वेगळ्या खात्यात ठेव.

किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय यात पडू नकोस. घर रिकामं पडणं, छत गळणं आणि नोकरीत अडचण येणं हे एकाच वर्षात होऊ शकतं, आणि घर काही आठवड्याभरात विकता येत नाही.

तू पाठवलेल्या दोन घरांपैकी लहान घर मला बरं वाटतं. ते दिसायला साधं आहे, पण किमतीच्या मानाने भाडं जास्त आहे. तरी दोन्हींचे आकडे वरच्या पद्धतीने मांड, एकदा आजच्या दराने आणि एकदा दोन टक्के वाढवून. विसार देण्याआधी तो कागद मला पाठव, मी प्रत्येक ओळ तपासून कळवतो.

अनेक आशीर्वाद.