‘गाठ दिसतेय ना, मग काढून टाका की!’ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अन्ननलिका आणि जठराच्या ऑपरेशनांवर लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की एकेकाला उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे वाटले ते एकत्र केलेत. नावं गाळलीत. आणि तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरचाच, हे आधीच सांगून मोकळा होतो.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे आहेत, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला कॅन्सर निघाला. सर्जन म्हणतात ऑपरेशन होण्यासारखं आहे, पण आधी दोन महिने केमो. गाठ दिसतेय ना, मग काढून टाका की! तोवर पसरली म्हणजे?

ताई, पूर्वी सर्जन लोकही असाच विचार करायचे. अन्ननलिका म्हणजे साधारण २५ सेंटीमीटरची नळी, छातीत हृदयाच्या मागून उतरते. आतड्याला बाहेरून जसं गुळगुळीत आवरण असतं तसं हिला नसतं, आणि लसिकेच्या (पेशींमधून झिरपणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाच्या, इंग्रजीत लिम्फ) बारीक वाहिन्या हिच्या भिंतीत उभ्या धावतात, त्यामुळे गाठ खाली आणि चार पेशी निघाल्या वर मानेकडे असं सहज होतं. आपण दिसतं तेवढं काढतो. न दिसणारं राहतं, आणि ऑपरेशननंतर पेशंट इतका थकलेला असतो की ठरलेली केमो पुष्कळांना पूर्ण झेपतच नाही. म्हणून केमो आधी.

हे नुसतं तर्काने ठरलेलं नाही. २००६ साली मॅजिक नावाची ट्रायल छापून आली, ५०३ पेशंट, बहुतेक जठराचे, काही तुमच्या वडिलांसारखे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे. नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी ५ वर्षांनी हयात २३ टक्के, आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर केमो घेतलेल्यांपैकी ३६. मग २०१२ ला नेदरलँड्समधली क्रॉस ट्रायल आली, तिच्यात आधी केमो आणि रेडिएशन दोन्ही दिलं होतं. तिथे मधलं आयुष्यमान (म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो काळ) २४ महिन्यांवरून ४९ वर गेलं, पण सर्जन म्हणून मला दुसराच आकडा मोठा वाटतो : काढलेल्या तुकड्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ निघण्याचं प्रमाण ६९ टक्क्यांवरून ९२ वर गेलं. म्हणजे तीच सुरी, तसेच हात, आधी औषध दिलं म्हणून ऑपरेशन जास्त चांगलं झालं.

आता केमो एकटी की रेडिएशनसोबत, हा पुढचा वाद. जर्मनीतल्या इसोपेक ट्रायलमध्ये ४३८ पेशंटमध्ये दोन्ही समोरासमोर लावले, नुसती केमो (फ्लॉट नावाची, चार औषधांची) घेतलेल्यांचं मधलं आयुष्यमान ६६ महिने आणि क्रॉसवाल्यांचं ३७. पण अन्ननलिकेच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन, अ‍ॅडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस, आणि हे फक्त अ‍ॅडिनोकार्सिनोमाला लागू, स्क्वॅमस असेल तर हा हिशोब तिकडे लावायचा नाही. तेव्हा बायोप्सीच्या रिपोर्टवर कोणता शब्द आहे तो आधी बघा. आणि त्या दोन महिन्यांत तुमचं काम म्हणजे वजन. दर आठवड्याला त्याच काट्यावर, वहीत लिहून. गिळणं बंद व्हायला आलं तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका, नळीने खाणं सुरू करता येतं.

प्रश्न : नवऱ्याच्या जठराच्या ऑपरेशनआधी एका अभ्यासात भाग घ्या म्हणून कागद दिलाय. दोनपैकी कोणतं ऑपरेशन होणार ते म्हणे कॉम्प्युटर ठरवणार! आम्ही काय प्रयोगाचे उंदीर आहोत का?

राग समजतो. डॉक्टरला माहीत नाही म्हणून चिठ्ठ्या टाकतोय, असंच वाटतं. पण बघा, डॉक्टरला खरंच माहीत नसतं, आणि कागद देणारा निदान ते कबूल तरी करतोय.

एक गोष्ट सांगतो, आमच्या धंद्यातली सगळ्यात जास्त भांडणं झालेली. जठराच्या कॅन्सरमध्ये भोवतीच्या लसिकाग्रंथी काढायच्या त्या किती? जपानी सर्जन म्हणायचे लांबवरच्या काढा, त्याला डी-टू म्हणतात. युरोपातले म्हणायचे जवळच्या बास, म्हणजे डी-वन. दोघांनाही स्वतःबद्दल शंभर टक्के खात्री. शेवटी नेदरलँड्समध्ये ७११ पेशंट चिठ्ठीने वाटले. झालं काय, डी-टू गटात ऑपरेशनच्या धक्क्यानेच १० टक्के गेले आणि डी-वन मध्ये ४, आणि ५ वर्षांनी बघितलं तर फायदा शून्य. जपान्यांची पद्धत संपली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण त्या लोकांनी वह्या बंद केल्या नाहीत, १५ वर्षं पेशंट मोजत राहिले, आणि तेव्हा दिसलं की जठराच्याच कॅन्सरने मरणारे डी-टू मध्ये कमी, ३७ विरुद्ध ४८ टक्के. मग सुरुवातीला माणसं का गेली? कारण त्या काळी ग्रंथींसोबत प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट पण काढायचे, मोठा हात त्याचाच होता. आता डी-टू करताना गरज नसेल तर या दोन्हीला हात लावत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजू थोड्या बरोबर, थोड्या चूक, आणि हे कळायला पंधरा वर्षं लागली.

बरं, एवढ्यावर थांबतील ते जपानी कसले, त्यांनी स्वतःच्याच देशात आणखी पुढचा प्रश्न लावला की महाधमनीजवळच्या ग्रंथीही काढल्या तर? ५२३ पेशंट. ५ वर्षांनी हयात ६९.२ टक्के आणि ७०.३ टक्के. काहीच फरक नाही! मग त्या ग्रंथी वरवर ठीक दिसत असतील तर उगाच काढणं त्यांनी सोडून दिलं. स्वतःच्या आवडत्या ऑपरेशनला असं चिठ्ठीच्या हवाली करायला छाती लागते, मी तरुण असताना मला जमलं नसतं.

औषधाच्या ट्रायलपेक्षा ऑपरेशनची ट्रायल अवघड असते कारण गोळी कुणीही दिली तरी गोळीच, ऑपरेशन मात्र करणाऱ्याच्या हातानुसार बदलतं. शिवाय कोणतं ऑपरेशन झालंय ते पेशंटला पोटाकडे बघूनच कळतं. पित्ताशयाच्या एका जुन्या ट्रायलमध्ये तर दुर्बिणीवाल्या आणि उघड्या ऑपरेशनवाल्या दोघांच्याही पोटावर अगदी सारखीच मोठी पट्टी बांधली होती, ना पेशंटला पत्ता ना नर्सला.

सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण विचारा मात्र नक्की : दोन्ही ऑपरेशनं इथे नेहमी होतात का, मधेच बाहेर पडता येईल का, नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल का (पडता कामा नये), जास्तीच्या तपासण्यांचा खर्च कुणाचा, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का. आणि वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात, हे तर ट्रायल नसली तरी विचारा. अमेरिकेत २००२ साली हॉस्पिटलांचे आकडे लावून पाहिले होते, अन्ननलिकेचं ऑपरेशन अगदी क्वचित करणारी आणि सारखी करणारी हॉस्पिटलं यांच्या मृत्यूदरात ५ टक्क्यांहून जास्त फरक निघाला. संकोच करू नका, चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रश्न : काकांची अन्ननलिका काढली, सातव्या दिवशी ‘लीक’ झालं म्हणाले. टाके नीट घातले नव्हते का?

लीक म्हणजे नव्याने शिवलेला जोड सुटून आतलं बाहेर झिरपणं. टाके चुकले असतीलही, पण बहुतेक वेळा गोष्ट टाक्यांची नसते, रक्ताची असते. नळी काढली की तिच्या जागी काय लावायचं? जठरच स्टेपलरने उभं शिवून त्याची लांब नळी करतात आणि छातीत किंवा थेट मानेपर्यंत वर ओढतात. वर नेण्यासाठी त्याच्या बाकीच्या रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात, आणि ती सगळी नळी मुख्यतः एकाच धमनीवर जगते, जठराच्या मोठ्या वळणाच्या कडेने जाणाऱ्या. रक्त खालून येतं आणि जोड असतो सगळ्यात वरच्या टोकाला, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या नळाला. ऑपरेशनमध्ये आम्ही ते टोक हातात धरून बघत बसतो, गुलाबी आहे की जांभळट झाक आलीय. हल्ली शिरेतून हिरवा डाय देतात आणि खास कॅमेऱ्यातून बघतात, काही सेकंदांत चमक खालून वर चढत जाते आणि कुठे रेंगाळते ते दिसतं. पडद्यावर बघायला झकास, पण त्याने लीक किती कमी होतं ते परत मोजूनच ठरवायचं.

आणि मोजण्यात पण गंमत होती. कुणी फक्त आजारी पडलेल्यांचं लीक मोजायचा, कुणी नुसतं एक्स-रेत दिसलेलंही धरायचा, मग तुलना कसली डोंबलाची. २०१५ मध्ये बऱ्याच देशांच्या सर्जननी बसून एकच व्याख्या ठरवली, उपचार काय लागला त्यावरून तीन पायऱ्या. काकांचं लीक कितव्या पायरीचं ते विचारा, त्यावर पुढचं सगळं आहे. पहिल्या पायरीवर उपचारात फारसा बदल लागत नाही, तिसरीत परत ऑपरेशन.

या जोडाची धास्ती जुनी आहे. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेकने छातीतून अन्ननलिकेचा कॅन्सर पहिल्यांदा यशस्वीपणे काढला, पण जोड दिलाच नाही. वरचं टोक कातडीवर बाहेर आणलं, पोटालाही बाहेरून भोक, आणि दोन्हींच्या मध्ये रबराची नळी. त्या बाई घास चावून गिळायच्या आणि तो शरीराच्या बाहेरून पोटात जायचा. १३ वर्षं जगल्या.

प्रश्न : अकॅलेशिया आहे, घास छातीत अडकतो. दुर्बिणीचं ऑपरेशन की तोंडातून करतात ते ‘पोएम’?

अकॅलेशियात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल होत नाही, म्हणून घास अडकतो. दोन्हीत काम एकच, त्या झडपेचा आवळलेला स्नायू कापायचा. अर्न्स्ट हेलरने १९१३ ला ते पोट उघडून केलं, इनोऊए यांनी २००८ पासून एंडोस्कोपीने आतूनच. २२१ पेशंटच्या ट्रायलमध्ये २ वर्षांनी आराम दोन्हीकडे जवळपास सारखा, ८३ आणि ८१.७ टक्के. फरक अ‍ॅसिड वर येण्यात : पोएमनंतर ४४ टक्के लोकांच्या अन्ननलिकेत सूज दिसली, ऑपरेशननंतर २९, कारण ऑपरेशनमध्ये जठराचा थोडा भाग गुंडाळून आडोसा करता येतो. पोटावर व्रण नको असेल तर पोएम, पण मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मागे लागू शकतात.

प्रश्न : आईला केमो-रेडिएशन झालं, आता एंडोस्कोपीत गाठ दिसतच नाहीये. तरी अन्ननलिका काढायची? तिला ऑपरेशन नकोच आहे.

पाच वर्षांपूर्वी मी काढा म्हणालो असतो. आता सानो ट्रायलचे आकडे आलेत. नेदरलँड्समधल्या १२ हॉस्पिटलांत, गाठ पूर्ण नाहीशी झालेले ३०९ पेशंट, काहींचं ठरल्याप्रमाणे ऑपरेशन, बाकीच्यांवर नुसती नजर. २ वर्षांनी हयात ७१ आणि ७४ टक्के, म्हणजे थांबलेल्यांचं नुकसान झालेलं दिसत नाही. पण ‘नजर’ हा शब्द नीट वाचा. थांबलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत गाठ त्याच जागी परत आली, ती वेळेवर सापडली म्हणून ऑपरेशन करता आलं. आईला नकोच असेल तर हा रस्ता आहे, मात्र पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही, आणि बायोप्सी घेताना एकदा चिमटा घेतला की त्याच खड्ड्यात परत चिमटा घेऊन खोलवरचा तुकडा काढतात का ते आधी विचारा, कारण उरलेला कॅन्सर बऱ्याचदा वरच्या नव्या कातडीखाली दडून बसलेला असतो.