आवडत्या संगीतकाराचं फसलेलं गाणं

प्रिय मित्रा,

तुझ्या आवडत्या संगीतकाराच्या गाण्यावर लिहिलेल्या लेखाचा मसुदा वाचला. गाणं तुला आवडलेलं नाही हे पहिल्याच ओळीत कळतं, आणि पुढची दोन पानं तू ते झाकण्यात घालवली आहेस. ‘धाडसी प्रयोग’, ‘हळूहळू उलगडणारं’, ‘काळाच्या पुढचं’ ही सगळी विशेषणं भक्तीपोटी आली आहेत. मग शेवटी एकदम राग उफाळून येतो आणि ‘आता यांना फक्त पैशाशी मतलब’ असं लिहून तू मोकळा होतोस. दोन्ही काढून टाक. गाणं फसलंय तर फसलंय असं लिही, कुठे फसलंय ते दाखव. करणाऱ्याच्या मनात काय होतं याचे अंदाज मात्र बांधू नकोस.

थोरांची पडलेली गाणी हा लाजेने दडवायचा विषय नाही. फ्रँक सिनात्रा या अमेरिकन गायकाने 1951 मध्ये ‘मामा विल बार्क’ नावाचं एक गाणं गायलं. त्यात चक्क कुत्र्याचं भुंकणं आहे. त्याच्या चाहत्यांना आजही ते ऐकवत नाही. पण त्याच तबकडीची दुसरी बाजू लाव. तिथे ‘आय अ‍ॅम अ फूल टू वाँट यू’ आहे. त्याच्या गीतकारांत सिनात्राचं स्वतःचंही नाव आहे, आणि विरहाची इतकी उघडी, दुखरी गाणी त्यानेही फार गायलेली नाहीत. एकच गळा, एकच वर्ष, एकच तबकडी. एका बाजूवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही, मग एका गाण्यावरून अख्ख्या माणसाचा कसा लावशील? ‘संपला’ हा शब्द तू दोनदा वापरला आहेस. दोन्ही ठिकाणचा खोड.

रहमानचं उदाहरण तुझ्या पिढीला जवळचं. 2009 मध्ये दोन ऑस्कर मिळाले आणि 2010 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं गीत आलं, ‘जियो उठो बढो जीतो’. टीका एवढी झाली की उद्घाटनापूर्वी त्यात बदल करावे लागले. मला त्या गाण्याची अडचण शीर्षकातच दिसते. ओळीने चार आज्ञा, आणि चालीला धरून ठेवायला एकही भावना नाही. समारंभासाठी मागवलेल्या गाण्यांत हे फार वेळा होतं. शब्द घोषणेचे असतात आणि चाल त्यांच्यामागे फरफटत जाते. पुढच्याच वर्षी ‘रॉकस्टार’ आला. ‘कुन फाया कुन’मध्ये तोच माणूस किती कमी साधनांत किती थांबून काम करतो, हे शेजारी ठेवून ऐक. तुलना करायचीच तर अशी कर, त्याच्याच कामाशी.

आता अंदाजांबद्दल, कारण तुझा लेख तिथेच सर्वांत कच्चा आहे. कॅनडाचा गायक-गीतकार नील यंग म्हणजे गिटार, माउथऑर्गन आणि ती कापरी, उंच आवाजातली गायकी. ‘ट्रान्स’ या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत तो आवाज व्होकोडर नावाच्या यंत्रातून गेलेला ऐकू आला, माणूस कुठला आणि यंत्र कुठलं हे कळेना, आणि लोक हबकले. पाठोपाठ आणखी एक वेगळ्याच धाटणीची ध्वनिमुद्रिका आल्यावर 1983 मध्ये त्याच्या कंपनीनेच त्याला कोर्टात खेचलं. हे संगीत त्याच्या ओळखीला धरून नाही, विकण्याजोगं नाही, ही तक्रार! लहर आली, भरकटला, नव्या यंत्रांच्या नादी लागला, असं तेव्हा सहज लिहिता आलं असतं. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी हा मेंदूशी निगडित विकार होता, त्याला बोलता येत नव्हतं. त्या मुलाशी संवाद साधण्याची धडपड त्या गाण्यांमागे होती, हे यंगने नंतर सांगितलं.

हे कळल्यामुळे ती सगळी गाणी चांगली ठरत नाहीत, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. काही ठिकाणी यंत्राच्या घरघरीत शब्दच बुडतात, आणि कारण हृदयद्रावक आहे म्हणून ते ऐकू येऊ लागत नाहीत. पण 1993 च्या ‘अनप्लग्ड’ या ध्वनिमुद्रिकेत त्याने त्यातलंच ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ यंत्राशिवाय गायलंय, ते जरूर ऐक. चाल किती हळवी आहे ते तिथे कळतं. म्हणजे दोष चालीत नव्हता, सादरीकरणात होता. समीक्षकाने पकडायची गोष्ट ही. ती त्याच्या घरातलं काहीही ठाऊक नसताना, नुसत्या कानांनीही पकडता येते.

तुझ्या गाण्याचंही असंच कर. वाद्यमेळ विसर आणि मुखडा नुसता गुणगुणून बघ. तो उभा राहतो, मी करून पाहिलं. मग अंतऱ्यावर ये. तिथे एका ऱ्हस्व अक्षरावर सूर उगाच ताणलाय, त्यामुळे शब्द मधूनच तुटतो आणि अर्थ निसटतो. अंतरा संपताना मुखड्याकडे परतायची वाटच सापडत नाही, म्हणून तबला आणि व्हायोलिनांचा गलका करून ती जागा भरली आहे. चांगल्या संगीतकाराचं गाणं बहुतेक वेळा असंच पडतं. मुखडा सुचलेला असतो, अंतरा उरकलेला असतो.

चाहते तुटून पडतील ही भीती तू चिठ्ठीत लिहिली आहेस. पडतील. त्यांच्यातला एखादा तरी तू दाखवलेली जागा पुन्हा ऐकेल, तेवढ्यासाठी लिहायचं. आणि तुझं त्या संगीतकारावर प्रेम आहे हे लपवू नकोस. ज्याचं काहीच आवडत नाही त्याचं एक गाणं पडलं तर कोण कशाला हळहळेल?

शुक्रवारपर्यंत नवा मसुदा पाठव. तिसऱ्या पानावर व्हायोलिनांबद्दल जे लिहिलं आहेस ते अचूक आहे, त्याला हात लावू नकोस. लेखाची सुरुवात तिथूनच कर.