कोकणातली जुनी गाडीवाट ऑफरोडिंग ग्रुपने स्वतः दुरुस्त करायची असेल तर काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की राजापूर बाजूला सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, खाडीकडे उतरणारी जुनी बैलगाडीची वाट दर पावसाळ्यात धुपते, तुमचा पुण्याचा फोर बाय फोर ग्रुप वर्गणी काढून ती नीट करू पाहतोय, तर जेसीबी लावावा का आणि आणखी काय बघावं. मी रत्नागिरी जिल्ह्यातलाच. आमच्याकडच्या अशाच एका वाटेवर गावकऱ्यांबरोबर दर उन्हाळ्यात श्रमदानाला असतो, त्यावरून सांगतो.

जेसीबी अजिबात नको. जांभ्याच्या जमिनीवर उन्हावाऱ्याने जो टणक थर तयार झालेला असतो, तोच वाटेला धरून ठेवतो. बकेटने तो खरवडला की खालची मऊ माती उघडी पडते. शिवाय वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल जाते आणि खरवडलेली माती दोन्ही कडांना बांधासारखी साचते. मग पाणी बाहेर पडणार कुठून? जूनमध्ये तुमच्या वाटेचा व्हाळ, म्हणजे ओढा होतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गाड्यांनी वाट खराब होतेच, पण गाडीने पाडलेल्या चाकोरीतून जे पाणी धावतं ते तिला खाऊन टाकतं. म्हणून सगळी मेहनत पाणी वाटेवरून लवकरात लवकर बाजूला काढण्यावर लावा.

त्यासाठी आडवे चर मारायचे. वाटेला काटकोनात नाही, तर काटकोनापासून साधारण ३० अंश उताराच्या दिशेने तिरपे, म्हणजे पाणी अडून न राहता गाळासकट वाहून जातं. चर खोल आणि अरुंद केलात तर गाडी आपटते आणि पुढचा ड्रायव्हर बाजूने नवी वाट पाडतो. त्यापेक्षा उथळ, पसरट खळगा करा आणि निघालेली माती खालच्या अंगाला घालून धुमसाने घट्ट ठोका. चढ उभा असेल तिथे १५-२० पावलांवर एक, सपाटीवर लांब लांब चालतील. चराचं तोंड कुठे उघडतंय ते मात्र दहादा बघा. ते दगडगोट्यांत किंवा गवतात उघडावं. कुणाच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पायाशी, कलमांच्या आळ्यात किंवा भाताच्या खाचरात पाणी सोडलंत तर गाव तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

खोल गेलेल्या चाकोऱ्यांत नुसती माती भरणं म्हणजे पैसे पाण्यात. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर मुरूम. दगड पडक्या गडग्यातून उचलू नका. तो पडका दिसला तरी कुणाच्या तरी हद्दीचा असतो. चिरेखाणीत मोडके चिरे पडून असतात, मालकाला विचारून ते आणा. चिरा उलटताना हात आधी घालायचा नाही. पहारीने पलीकडची कड उचलून चिरा आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली फुरसं (छोटा विषारी साप) असलं तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो. आमच्याकडे फुरशांची कमी नाही, त्यामुळे बूट आणि जाड हातमोजे सगळ्यांना सक्तीचे.

पण हे सगळं करायच्या आधी ती जमीन कुणाची ते शोधा. भूमी अभिलेखकडून गावनकाशा घ्या आणि वाट त्यात दाखवलेली आहे का ते तपासा. कोकणातल्या सातबाऱ्यावर बरेचदा सामाईक नावांची रांग असते आणि त्यातली अर्धी मंडळी मुंबईला. एकाने ‘करा हो’ म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं नाही. खासगी वाटणारी जमीनही १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने वनखात्याकडे गेलेली असू शकते; तसं असेल तर लेखी परवानगीशिवाय फावडंही लावू नका. ग्रामपंचायतीला पत्र द्याच, पण गावकीच्या बैठकीतही जाऊन बसा. शिमग्याची पालखी त्या वाटेने जाते का, देवराई जवळ आहे का, हे तिथेच कळतं.

सड्यावर तर चाकोरी सोडून टायर उतरवायचाच नाही. उन्हाळ्यात तो उजाड माळ वाटतो, पण तिथे माती असते बोटभर आणि पावसात त्याच मातीत सीतेची आसवं ही इवली रानफुलं फुलतात. शिवाय राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी इथली कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. अजून कितीतरी खोदचित्रं गवत-मातीखाली झाकलेली असतील. त्यांच्यावरून एकदा गाडी गेली की ती परत कोरता येत नाहीत.

वाट जूनपासून दिवाळीपर्यंत बंद ठेवा. ओल्या मातीत एक गाडी जे नुकसान करते ते चार माणसांना दिवसभर पुरतं. दिवाळीनंतर मोहोर येऊ लागतो. बागांजवळून चालण्याच्या वेगाने जा, कारण धूळ मोहोरावर बसली की बागायतदाराच्या पोटावर पाय. फेब्रुवारीनंतर वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागतो. डबकं दिसलं तर मधूनच जा, कडेने गेलात की वाट रुंदावते. अडकलेली गाडी ओढायला झाडाला विंच लावायचाच तर रुंद पट्टा आणि जुनं, जाड झाड. आंबा-काजूला कधीच नाही. येण्याआधी टायर धुवा, नाहीतर चिखलातून रानमोडी या उपद्रवी तणाचं बी येतं.

वाट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत उतरत असेल तर गाड्या वरच थांबवा. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, आणि टायरच्या खोल खुणांत अडकलेली पिल्लं समुद्रापर्यंत पोचत नाहीत. यावर माझ्याकडे कुठलीही तडजोड नाही.

सुरुवात करायची तर येत्या जूनमध्ये करा. पहिला जोराचा पाऊस पडला की गाड्या गावात लावा, छत्र्या घ्या आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर अख्खी वाट चालत उतरा. पाणी कुठून वाटेवर येतं आणि कुठे तिला सोडतं, तिथे खुणेचे दगड ठेवा, फोटो काढा. चर तिथेच मारायचे, पण हत्यारं घेऊन यायचं ते दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर.