लग्नांचे चित्रीकरण येत असताना फोटोग्राफी व व्हिडिओ तंत्रज्ञानाच्या पदवीसाठी तीन वर्षे द्यावीत का?

बारावीनंतर सोलापुरातील एका स्टुडिओत दोन वर्षे लग्नांचे चित्रीकरण केल्यावर, कॅमेरा हाताळता येत असतानाही कॉलेजात जावे का, असा तुमचा प्रश्न आहे. मीही लग्नसराईचे दोन हंगाम केल्यानंतर याच विचारात होतो आणि ‘फोटो काढायला डिग्री कशाला?’ हा प्रश्न आमच्याही घरी रोज होत असे. पुढे पुण्यातील एका कॉलेजातून मी ही पदवी घेतली. माझे मत असे की जावे. मात्र कॅमेरा शिकण्यासाठी जाऊ नये, कारण तो तुम्हांला येतोच.

कॉलेजपूर्वी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका नातेवाइकांच्या यंत्रमाग कारखान्यात मी चित्रीकरण केले होते. मागावर आडवा धागा घेऊन पळणारा धोटा स्पष्ट दिसावा म्हणून शटर १/५०० सेकंदावर ठेवले, तर चित्रात काळसर पट्टे सरकू लागले. कॅमेरा बिघडला असे समजून मी तो दुरुस्तीला दिला आणि दुरुस्ती करणाऱ्याने तो काहीही न करता परत दिला. पट्ट्यांचे कारण कॉलेजच्या दुसऱ्या सत्रात समजले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे चोकवरची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. शटर त्याहून जलद असले की सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या, निरनिराळ्या ओळींना कमीअधिक प्रकाश मिळतो. १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे जातात. धोटा मग धूसर दिसतो, पण तसा दिसला तरच तो पळतो आहे हे प्रेक्षकाला जाणवते, ही गोष्ट शिक्षकांनी दाखवेपर्यंत माझ्या ध्यानातही आली नव्हती.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचेही तसेच. अक्षता सोहळ्याच्या दिवशी सम्मती कट्ट्यावर पांढऱ्या बाराबंदीतील माणसांची दाटी असते आणि माझ्या चित्रांत दरवर्षी त्यांचे चेहरे काळवंडलेले येत. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरे फार झाले की तो प्रकाश कमी करून टाकतो. एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे लागते, परंतु दुपारच्या उन्हात तेवढ्याने कापडाची वीण जळून पांढरा डाग उरतो, म्हणून चेहरा राखायचा की कापड, हे प्रत्येक वेळी आपणच ठरवायचे असते. स्टुडिओत हा निर्णय कोणी मागत नाही. वर्गात मात्र तो पंधरा जणांसमोर मांडावा लागतो, आणि माझ्या लेखी फीचा मोठा भाग त्यासाठीच असतो.

तुमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा विषय आवाजाचा आहे, कारण लग्नाच्या व्हिडिओत आपण मूळ आवाज काढून वर गाणे टाकतो आणि दोन वर्षांत आवाज कसा घ्यायचा हे शिकतच नाही. मागांच्या खडखडाटात कामगाराची मुलाखत घेता येत नाही. ती बाहेर, कॉलर माइकवर घ्यावी, मागांचा आवाज एक-दोन मिनिटे वेगळा टिपावा आणि संकलनात तो हव्या त्या पातळीवर खाली ठेवावा. बोलण्याचे उंच टोक रेकॉर्डरवर उणे १२ डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास राहिले, तर कोणी अचानक हसले तरी आवाज फाटत नाही.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकातील कॅमेऱ्यांची नावे पाहू नका. एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी असतात, ध्वनिमुद्रणाची खोली खरोखर वापरात आहे का, हे विचारा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या दोन फिल्म पाहायला मागा. दाखवण्याची टाळाटाळ झाली, तर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० साली सुरू झालेली पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट-शिक्षण संस्था तुमच्या मनात असेल, तर तेथील चित्रपटाच्या तीन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमांसाठी आधी पदवी लागते. ती बहुतेक अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळे त्या वाटेनेही ही तीन वर्षे वाया जात नाहीत.

स्टुडिओच्या मालकांशी मात्र आधीच बोलून ठेवा. एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि लग्नाच्या तिथी एकत्र येतात. दोन्ही जमेल असे म्हणून मी सात लग्ने घेतली आणि माझे दोन विषय राहिले.