‘बी मूव्ही’त दाखवल्याप्रमाणे मधमाश्यांनी काम थांबवल्यास सगळी झाडे खरोखरच सुकतील का?

नाही. २००७ च्या या विनोदी ॲनिमेशनपटात मधमाश्या खटला जिंकून काम बंद करतात आणि पाहता पाहता फुले कोमेजतात. प्रत्यक्षात परागीभवनाअभावी उभे झाड वाळत नाही, तर त्याला फळ आणि बी धरत नाही. भोपळ्याच्या मादी फुलावर पुरेसे पराग पोहोचले नाहीत, तर फुलामागचे इवले फळ पिवळे पडून गळते. गहू, भात, मका यांचे वाऱ्यावर किंवा स्वपरागणावर भागते, मात्र जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना कीटकांसारख्या परागवाहकांची कमी-अधिक गरज असते. मला खटकते ती चूक वेगळीच: नायक नर आहे, परंतु मकरंद गोळा करणाऱ्या कामकरी माश्या माद्या असतात, आणि नराला तर नांगीही नसते.