लेकीकडे येताय? मग लेकचा मूडही विचारून घ्या

मागच्या अंकात ग्रेट लेक्सच्या काठच्या मे-जूनबद्दल प्रश्न मागवले होते, ढीगभर आले. त्यातले पाच घेतेय. (शाळेच्या भूगोलात ह्यांना पंचमहासरोवरं म्हणायचो, आता तिथं राहणारे सगळे नुसतं लेक म्हणतात आणि मग 'लेकीकडे आणि लेककडे' असे गोंधळ होतात. आणि हो, डिग्री सगळ्या सेल्सिअसमध्येच आहेत, फॅरनहाइट माझ्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.)

प्रश्न: आईबाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून शिकागोला येतायत, आमचं घर लेकपासून चार ब्लॉकवर आहे. उन्हाळा सरासरीपेक्षा गरम जाणार असं वाचलं, मग स्वेटर आणू नका म्हणून सांगू का?

अजिबात नको. तुम्ही वाचलंत तो बहुतेक अमेरिकेच्या हवामान खात्याच्या क्लायमेट प्रेडिक्शन सेंटरचा तीन महिन्यांचा अंदाजाचा नकाशा असणार, तो दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येतो आणि लगेच सगळीकडे लाल रंगाचे फोटो फिरायला लागतात. त्याचा अर्थ नीट बघा. १९९१ ते २०२० ह्या तीस वर्षांवरून गरम, मधला आणि थंड असे तीन सारखे गट पाडलेले असतात, म्हणजे काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाला साधारण ३३ टक्के. नकाशात तुमच्या भागावर 'गरम ४० टक्के' असेल तर एवढंच, की गरम गटाचं पारडं जरा जड आहे, बाकीचे ६० टक्के अजून दुसरीकडेच आहेत. आणि तीही अख्ख्या तीन महिन्यांची, मोठ्या प्रदेशाची सरासरी. तुमच्या गल्लीत मंगळवारी संध्याकाळी काय होणार हे त्या नकाशाच्या गावीही नसतं.

ते ठरवतं लेकचं पाणी. जूनच्या सुरुवातीला लेक मिशिगन मध्यावर दहा-बारा डिग्रीच्या आसपास असतो आणि उत्तरेकडचा लेक सुपीरियर तर चार-पाचलाच रेंगाळत असतो. ऊन तेच, पण पाणी तापायला कोरड्या मातीपेक्षा चार-पाच पट उष्णता लागते, त्यात ऊन आत खोलवर जातं आणि लाटा सगळं ढवळतात. वर आणखी एक गंमत म्हणजे पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, त्यामुळे थंडीनंतर वरचं पाणी जरा कोमट होऊन चारकडे आलं की ते खाली बुडतं आणि खालचं गार वर येतं, हे असं सगळं लेक चारपर्यंत येईतो चालतं आणि मगच वर गरम थर टिकायला लागतो. लेक ईरीची सरासरी खोली जेमतेम १९ मीटर म्हणून तो लवकर उरकतो, सुपीरियरची १४७ मीटर म्हणून त्याला जुलै उजाडतो. २०१४ साली हिवाळा इतका कडक होता की सुपीरियरवर जूनच्या पहिल्या आठवड्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते, लोक शॉर्ट्स घालून ते बघायला गेले होते!

तेव्हा बाबांची कानटोपीसुद्धा बॅगेत राहू द्या.

प्रश्न: मिल्वॉकीत मागच्या जूनमध्ये मुलाचा वाढदिवस लेकजवळच्या पार्कात ठेवला, दुपारी मस्त २८ डिग्री होतं आणि केक कापायच्या आत सगळे कुडकुडत गाडीत. ॲप तेव्हाही २८च दाखवत होतं. चूक कोणाची?

ॲपची फार नाही. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि लेकवरची गार, जड हवा तिची जागा घ्यायला आत घुसते, वीस-तीस किलोमीटरपर्यंतसुद्धा. तासाभरात पारा ९ डिग्री किंवा त्याहून जास्त पडला तर तिकडे त्याला 'न्यूमोनिया फ्रंट' म्हणतात, आणि हे नाव पडलं तुमच्याच मिल्वॉकीत. ॲपवरचा आकडा बऱ्याचदा आतल्या कुठल्यातरी ठिकाणचा असतो. शिकागोचं अधिकृत तापमानसुद्धा ओहेअर विमानतळावर मोजतात, तो लेकपासून चांगलाच आत आहे.

मी पार्कात गेले की ग्रिलचा धूर बघते. सकाळपासून लेककडे जाणारा धूर मध्येच सरळ वर उठतो, दोन मिनिटं घुटमळतो आणि मग आपल्याच डोळ्यांत यायला लागतो, कागदी प्लेट उलटी पडते, टेबलक्लॉथचं टोक दुसऱ्या बाजूला फडफडतं. त्याच वेळी लेकवर आकाश स्वच्छ आणि आत शहराकडे कापसासारख्या ढगांची ओळ दिसली की समजायचं पाहुणे आले. मेणबत्त्या लगेच लावा!

प्रश्न: बाहेर ३० डिग्री असताना पाण्यात उतरायला काय हरकत आहे?

हरकत पाण्याची आहे, हवेची नाही. १५ डिग्रीखालच्या पाण्यात अचानक शिरलं की आपोआप मोठा श्वास ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपलं. तिकडे १-१०-१ म्हणून शिकवतात: पहिलं १ मिनिट श्वास ताळ्यावर आणायचा, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय चालतात, बेशुद्ध व्हायला तासभर लागतो. म्हणजे पट्टीचा पोहणारासुद्धा गारठून जायच्या कितीतरी आधी हात चालेनासे होऊन बुडतो. लाइफ जॅकेट घाला, लाज कसली.

आणि काल पाणी छान होतं म्हणून आज असेल असंही नाही. वाऱ्यानं वरचं कोमट पाणी काठापासून आत ढकललं की खालचं गार वर येतं, एका रात्रीत. त्यामुळे जायच्या आधी बॉयवरचं (म्हणजे लेकमध्ये तरंगत मोजमाप करणाऱ्या यंत्रावरचं) पाण्याचं तापमान बघा, ऑनलाइन फुकट मिळतं.

प्रश्न: लेकमुळे वादळं अडतात असं शेजारी म्हणतात, खरंय का?

अर्धं. गार पाण्यावरची हवा जड आणि स्थिर असते, त्यामुळे किरकोळ गडगडाटी ढग तिथे मरतात. पण रांगेनं येणाऱ्या मोठ्या वादळाची ताकद वरच्या हवेतून येते, त्याला खालच्या गारव्याचं काही पडलेलं नसतं, ते सरळ लेक ओलांडून जातं. आणि गेल्यावरही निर्धास्त होऊ नका. २६ जून १९५४ला असंच वादळ लेक मिशिगनवरून गेलं, त्यानं ढकललेली लाट पलीकडच्या इंडियानाच्या काठावर आपटली आणि उलटी फिरली. शिकागोत तोवर सगळं शांत झालं होतं, लोक धक्क्यावर गळ टाकून बसले होते, आणि सुमारे १० फूट पाणी वर आलं. आठ जण गेले. वादळ गेल्यावर धक्क्यावर जायची घाई मी तरी करत नाही.

प्रश्न: जूनच्या शेवटी लेक ईरीवर रात्री रडारवर मोठा पाऊस दिसतो आणि बाहेर एक थेंब नाही. रडार बिघडलंय का?

रडार ठणठणीत आहे, ते किडे आहेत. मेफ्लाय! तळाच्या चिखलात वाढतात आणि पाणी पुरेसं तापलं की एकदम लाखोंनी वर उडतात, ते थवे रडारला ढगासारखे दिसतात. चावत नाहीत, चावायला तोंडच धड नसतं, एक-दोन दिवसांत मरतात. १९५०च्या दशकात पाणी खराब होऊन ते जवळजवळ नाहीसे झाले होते, १९९०च्या दशकात परत आले, म्हणून तिथले जुने लोक वैतागतातही आणि खूशही होतात. छत्री नको, फक्त गाडी रस्त्यावरच्या दिव्याखाली लावू नका, सकाळी काच फावड्यानं साफ करावी लागेल.