मुद्दाम पेरलेली खोटी बातमी लोकांना खरी का वाटते?

कारण ती अफवा म्हणून येतच नाही, कुणाचा तरी हवाला घेऊन येते. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा म्हणे नामवंत अमेरिकन शास्त्रज्ञ! आरोप असा की एड्सचा विषाणू अमेरिकी लष्करानेच प्रयोगशाळेत तयार केला. प्रत्यक्षात पत्र सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीने पेरलेलं होतं. दोन वर्षं ते तसंच पडून राहिलं. मग ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता'ने तोच आरोप छापला, आणि हवाला कुणाचा? पेट्रियटचा. म्हणजे पेरायचं आपणच, आणि 'बघा, तिकडे काय उगवलंय' म्हणून दाखवायचंही आपणच. तिथून ते देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत गेलं. १९९२ मध्ये रशियन गुप्तचर प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी यात केजीबीचा हात असल्याचं कबूल केलं, पण खुलासा कोण वाचतो? ती गोष्ट आजही ऐकू येते.

आता पत्राऐवजी स्क्रीनशॉट असतो, एवढाच फरक. मी तरी 'एका परदेशी दैनिकानुसार' असं दिसलं की ते दैनिक उघडून बघतो. बरेचदा ते तिसऱ्याकडे बोट दाखवतं आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडे.